ढाक्यात उच्चायुक्त, यांगूनमध्ये राजदूत: राष्ट्रकुल म्हणजे नेमकं काय?

वर्तमानपत्रातल्या परराष्ट्र खात्याच्या बातम्या नीट वाचणाऱ्याला एक गोष्ट कधी ना कधी खटकते. ढाक्यात भारताचे ‘उच्चायुक्त’ असतात, पण शेजारच्या यांगूनमध्ये ‘राजदूत’. कोलंबोत उच्चायुक्त, काठमांडूत राजदूत. लंडनमध्ये उच्चायुक्त, आणि तिथून समुद्राचा चिंचोळा पट्टा ओलांडून डब्लिनला गेलं की पुन्हा राजदूत. काम दोघांचं तेच, मान तोच, दर्जाही तोच. मग नावं वेगळी का?

राजदूत म्हणजे एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाकडे पाठवलेला माणूस. आता कॅनडाचा राजा आणि ब्रिटनचा राजा एकच असेल, तर त्याने स्वतःच स्वतःकडे दूत कसा पाठवायचा? १८८० साली कॅनडाने लंडनमध्ये आपला प्रतिनिधी नेमला तेव्हा हा पेच होताच. त्यातून ‘हाय कमिशनर’ हे पद आलं आणि मराठीत त्याचं उच्चायुक्त झालं. पुढे राजा एक राहिला नाही, तरी नाव टिकलं. आज जगात जिथे जिथे भारताचे उच्चायुक्त आहेत, ते देश राष्ट्रकुलाचे सदस्य आहेत. नेपाळवर ब्रिटिशांची थेट सत्ता नव्हती आणि तो राष्ट्रकुलात कधी आला नाही. ब्रह्मदेश (आजचा म्यानमार) जानेवारी १९४८ मध्ये प्रजासत्ताक म्हणूनच स्वतंत्र झाला आणि त्याने राष्ट्रकुल नाकारलं. आयर्लंड एप्रिल १९४९ मध्ये बाहेर पडला. म्हणून तिथे राजदूत.

राष्ट्रकुल, म्हणजे कॉमनवेल्थ, ही आज ५६ देशांची संघटना आहे. या देशांत मिळून अडीचशे कोटींहून जास्त लोक राहतात आणि त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या भारतात. बहुतेक सदस्य कधीकाळी ब्रिटिश साम्राज्यात होते. इथेच आपल्याकडे गैरसमज होतो. ‘म्हणजे आपण अजून इंग्रजांच्या हाताखालीच की काय?’ हा प्रश्न मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे. उत्तर साफ ‘नाही’ असं आहे. पण ते ‘नाही’ आपोआप मिळालेलं नाही, आणि ते मिळवण्यात सर्वात मोठा वाटा भारताचा आहे. म्हणून ती हकीकत जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या महायुद्धानंतर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती सत्ता असलेल्या देशांना लंडनचे हुकूम नकोसे झाले होते. १९२६ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने मान्य केलं की हे देश आणि ब्रिटन दर्जाने समान आहेत, कुणी कुणाच्या ताब्यात नाही. १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्याला कायद्याचं रूप दिलं. मात्र सगळ्यांना बांधणारा एक धागा ठेवला होता: राजनिष्ठा. राजा एकच, आणि त्याच्याशी निष्ठा हीच सदस्यत्वाची अट. हिंदुस्थान या समानतेच्या बाहेर होता, हे वेगळं सांगायला नको.

१९४७ मध्ये भारत आणि पाकिस्तान स्वतंत्र झाले ते डोमिनियन म्हणून. म्हणजे १५ ऑगस्टनंतरही कायद्याच्या भाषेत सहावे जॉर्ज भारताचे राजे होते. पण संविधान सभेने भारत प्रजासत्ताक होणार हे आधीच ठरवलं होतं. प्रजासत्ताकात राजा नसतो, आणि राजनिष्ठेशिवाय राष्ट्रकुलात जागा नव्हती. आयर्लंडने हा पेच दार ओढून घेऊन सोडवला. भारतानेही तसंच करावं असं म्हणणारे पुष्कळ होते. शिवाय २६ जानेवारी १९३० ची पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा लोकांच्या स्मरणात होती. तिच्यात ब्रिटनशी संबंध तोडण्याची भाषा होती. ती ज्या लाहोर अधिवेशनातून आली त्याचे अध्यक्ष स्वतः जवाहरलाल नेहरूच होते.

मग नेहरूंना राष्ट्रकुलात राहावंसं का वाटलं? देश नुकताच फाळणीतून गेला होता. काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत होता. लष्कराची सामग्री ब्रिटिश बनावटीची, व्यापार मोठ्या प्रमाणात ब्रिटनशी, आणि युद्धकाळात भारताचे जे पैसे ब्रिटनकडे अडकले होते ते वसूल व्हायचे होते. आपण बाहेर आणि पाकिस्तान आत, हे चित्रही सोयीचं नव्हतं. त्यात अमेरिका आणि रशिया यांच्यातलं शीतयुद्ध सुरू झालेलं, आणि एखाद्या गटात न अडकता मैत्रीची काही दारं उघडी ठेवायची होती.

एप्रिल १९४९ मध्ये लंडनला आठ देशांचे पंतप्रधान आणि प्रतिनिधी जमले. भारताचे नेहरू, पाकिस्तानचे लियाकत अली खान, श्रीलंकेचे (तेव्हाच्या सिलोनचे) सेनानायके, ब्रिटनचे ॲटली, ऑस्ट्रेलियाचे चिफ्ली, न्यूझीलंडचे फ्रेझर, दक्षिण आफ्रिकेचे मलान आणि कॅनडाचे परराष्ट्रमंत्री पिअर्सन. भारताचे उच्चायुक्त कृष्ण मेनन शब्दांच्या घासाघिशीत आघाडीवर होते. सहा दिवसांच्या चर्चेनंतर जो लंडन जाहीरनामा निघाला तो जेमतेम चार परिच्छेदांचा आहे. त्यातला सगळा जीव एका वाक्यात आहे: राजा हे स्वतंत्र राष्ट्रांच्या मुक्त सहवासाचं ‘प्रतीक’ आहेत आणि ‘म्हणून’ राष्ट्रकुलाचे प्रमुख आहेत.

हे वाक्य मी जितक्या वेळा वाचतो तितकं मला त्याचं कौतुक वाटतं. राजा भारताचा प्रमुख नाही. तो राष्ट्रकुलाचा प्रमुख आहे, तोही सत्ता म्हणून नव्हे, खूण म्हणून. निष्ठेची अट गेली. जाहीरनाम्यात शेवटी ‘राष्ट्रकुल’ या शब्दामागचा ‘ब्रिटिश’ही गळाला. एका देशाला सामावून घेण्यासाठी संघटनेने आपली व्याख्याच बदलली. त्यानंतर घाना, नायजेरिया, केनिया, टांझानिया असे देश स्वतंत्र होऊन प्रजासत्ताक झाले आणि तरी आत राहू शकले, ते भारताने १९४९ मध्ये पाडलेल्या वाटेनेच.

देशात मात्र सगळ्यांना हे पटलं नव्हतं. मे १९४९ मध्ये नेहरूंनी संविधान सभेत ठराव मांडला तेव्हा शिब्बनलाल सक्सेना विरोधात बोलले, मौलाना हसरत मोहानींनी कडाडून विरोध केला. मोहानी म्हणजे १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडणारे. त्यांचा राग समजण्यासारखा होता. नेहरूंचं म्हणणं असं की हा करार आपण आपल्या खुशीने करतो आहोत आणि आपल्या खुशीने मोडूही शकतो. दुसऱ्या दिवशी, १७ मे रोजी ठराव मंजूर झाला.

याची एक खूण आपल्या कायद्यातही सापडते. संविधानाच्या अनुच्छेद ३६७ मध्ये परकीय राज्याची व्याख्या आहे, आणि एखादा देश काही कारणांपुरता ‘परकीय नाही’ असं जाहीर करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे. १९५० मध्ये तसा आदेश निघाला: राष्ट्रकुलातले देश संविधानाच्या दृष्टीने परकीय राज्यं नाहीत. व्यवहारात याने फार काही होत नाही, पण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांनी एकदा जरूर वाचावं.

आता आजची रचना. ५६ पैकी ३६ देश प्रजासत्ताक आहेत. पाच देशांचे स्वतःचे राजे आहेत: मलेशिया, ब्रुनेई, टोंगा, लेसोथो आणि एस्वातिनी. उरलेल्या १५ देशांचे राजे तिसरे चार्ल्स आहेत, आणि त्यात ब्रिटनबरोबर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जमैका, पापुआ न्यू गिनी वगैरे येतात. राष्ट्रकुलाचं प्रमुखपद वंशपरंपरेने मिळत नाही. चार्ल्स यांच्या नावावर सदस्य देशांच्या नेत्यांनी २०१८ मध्ये एकमत केलं. राजाला निरोप द्यायचा म्हणजे राष्ट्रकुल सोडायचं, असंही नाही. कोकणातून गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांची वस्ती असलेला मॉरिशस १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाला, बार्बाडोस ३० नोव्हेंबर २०२१ ला झाला. दोघेही आत आहेत.

लंडनच्या मार्लबरो हाऊसमध्ये १९६५ पासून संघटनेचं सचिवालय आहे. पहिले सरचिटणीस कॅनडाचे अरनॉल्ड स्मिथ. १९७५ ते १९९० हे पद भारतीय वंशाच्या, गयानाच्या श्रीदत्त रामफळ यांच्याकडे होतं. २००८ ते २०१६ भारताचे कमलेश शर्मा होते, आणि १ एप्रिल २०२५ पासून घानाच्या शर्ली बोच्वे आहेत. साधारण दर दोन वर्षांनी सदस्य देशांच्या सरकारप्रमुखांची परिषद भरते. तिथे मतदान होत नाही, नकाराधिकार कुणाला नाही. बोलत बोलत सहमतीपर्यंत पोचायचं, एवढीच पद्धत. राष्ट्रकुलाला सैन्य नाही, न्यायालय नाही, सामायिक बाजारपेठ नाही, सामायिक व्हिसाही नाही. एके काळी राष्ट्रकुलाचे नागरिक ब्रिटनमध्ये मुक्तपणे जाऊन राहू शकत होते. १९६२ च्या कायद्याने ब्रिटनने ते दार लोटायला सुरुवात केली.

सदस्य असल्यामुळे परराष्ट्र धोरणाला वेसण बसते का? याचं उत्तर गोव्याने देऊन ठेवलं आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताने माघार घ्यावी असा ठराव आला. त्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत ब्रिटन होता. विरोधात मत देऊन भारताच्या बाजूने उभा राहिला तो सिलोन. दोघेही राष्ट्रकुलाचे सदस्य. ठराव अडला तो रशियाच्या नकाराधिकाराने. आणि १९६५ साली भारत-पाकिस्तान लढले तेव्हा ते दोघेही याच संघटनेत होते.

मग एवढ्या सैल गाठीचा उपयोग काय? माझ्या मते राष्ट्रकुलाने एक काम असं केलं की त्यासाठी त्याचं असणं सार्थ ठरावं. ते काम म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीची कोंडी.

दक्षिण आफ्रिका संस्थापक सदस्यांपैकी एक. तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीवरून भारताने १९४६ मध्येच तिच्याशी व्यापार तोडला होता आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला होता. १९४९ च्या लंडन बैठकीत मलान यांनी भारताला पाठिंबा दिला, कारण राष्ट्रकुलात राहून प्रजासत्ताक होण्याची मुभा त्यांच्या पक्षालाही कधीतरी हवीच होती. बारा वर्षांनी ती वेळ आली. १९६० च्या सार्वमतात, ज्यात मत फक्त गोऱ्यांना होतं, प्रजासत्ताक व्हायचं ठरलं. पण प्रजासत्ताक झाल्यावर आत राहायचं तर इतर सदस्यांची संमती लागे. मार्च १९६१ मध्ये पंतप्रधान फेरवुर्ट लंडनला आले तेव्हा त्यांच्यापुढे १९४९ ची गोरी बहुसंख्या नव्हती. नेहरू होते, घानाचे एन्क्रुमा होते, मलायाचे टुंकू अब्दुल रहमान होते, आणि गोऱ्या देशांपैकी कॅनडाचे डीफेनबेकर यांनी या आफ्रो-आशियाई नेत्यांना साथ दिली. नकार समोर दिसू लागल्यावर फेरवुर्ट यांनी अर्जच मागे घेतला. भारतासाठी ज्या दारातून वाट निघाली, त्याच दारात दक्षिण आफ्रिका अडली.

पुढची तीस वर्षं हा प्रश्न संघटनेच्या केंद्रस्थानी राहिला. १९७७ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेनईगल्समध्ये ठरलं की दक्षिण आफ्रिकेशी खेळाचे संबंध ठेवायचे नाहीत. रग्बी आणि क्रिकेट हा जिथल्या गोऱ्या समाजाचा श्वास, तिथे हा घाव वर्मी बसला. १९८५ मध्ये बहामात नासाऊला आर्थिक निर्बंधांचा विषय निघाला. ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर विरोधात, जवळजवळ बाकी सगळे बाजूने. तडजोड म्हणून मान्यवरांचं एक मंडळ दक्षिण आफ्रिकेला पाठवलं गेलं; त्यात भारताचे माजी परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग होते. मंडळाने तुरुंगात नेल्सन मंडेलांची भेट घेतली, सरकारशी बोलणी सुरू झाली. तेवढ्यात, १९ मे १९८६ ला, दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने बोट्स्वाना, झांबिया आणि झिम्बाब्वे या तीन राष्ट्रकुल देशांवर हल्ले चढवले. मंडळ परतलं. त्यांचा अहवाल निर्बंधांच्या बाजूने निघाला. त्याच वर्षी एडिंबरात राष्ट्रकुल स्पर्धा होत्या. थॅचर यांच्या भूमिकेच्या निषेधार्थ निम्म्याहून जास्त देशांनी त्यांवर बहिष्कार घातला. भारतही गेला नाही. १ जून १९९४ रोजी, मंडेला राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, दक्षिण आफ्रिका परत आली.

ब्रिटिश साम्राज्यातून जन्मलेल्या संघटनेत ब्रिटनच्याच पंतप्रधान एकट्या पडतात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा इंग्रजांचा दरबार आहे असं मानणाऱ्यांनी १९८६ सालाकडे पाहावं.

शिस्तीचे नियम यानंतर घट्ट झाले. १९९१ च्या हरारे जाहीरनाम्यात लोकशाही, कायद्याचं राज्य आणि मानवी हक्क ही मूल्यं लिहिली गेली. चार वर्षांनी त्यांची परीक्षा झाली. नोव्हेंबर १९९५ मध्ये ऑकलंडला परिषद सुरू होत असतानाच नायजेरियाच्या लष्करी राजवटीने लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना फाशी दिलं. दुसऱ्याच दिवशी नायजेरिया निलंबित झाला. पाकिस्तान १९९९ च्या लष्करी उठावानंतर आणि पुन्हा २००७ मध्ये निलंबित झाला, फिजीवरही अशी वेळ आली. झिम्बाब्वे निलंबनाला कंटाळून २००३ मध्ये निघूनच गेला. निलंबन म्हणजे बैठकांना येऊ नका, एवढंच. पण काही सरकारांना ते झोंबतं. जी राजवट निवडणुकीत हरण्याची पर्वा करत नाही तिच्यावर मात्र याचा फारसा परिणाम होत नाही, हेही मान्य करायला हवं.

पाकिस्तानचा विषय निघालाच आहे तर उच्चायुक्तांकडे परत जाऊ. बांगलादेशला इतर सदस्यांनी मान्यता द्यायला सुरुवात केल्यावर जानेवारी १९७२ मध्ये पाकिस्तान राष्ट्रकुलातून बाहेर पडला. १९७६ मध्ये भारताशी राजनैतिक संबंध पुन्हा जुळले तेव्हा इस्लामाबादला भारताचे ‘राजदूत’ गेले. १९८९ मध्ये पाकिस्तान परत आला आणि पाटीवर पुन्हा ‘उच्चायुक्त’ आलं.

येणं-जाणं असं चालू असतं. गाम्बिया २०१३ मध्ये गेला, २०१८ मध्ये परतला. मालदीव २०१६ मध्ये गेला, २०२० मध्ये परतला. याहून नवल म्हणजे ज्यांचा ब्रिटनशी सत्तेचा संबंधच नव्हता असे देश दार वाजवतात. पहिला मोझांबिक, १९९५ मध्ये. गोव्यासारखीच ती पोर्तुगिजांची वसाहत. गोव्यातली कितीतरी घरं नोकरीधंद्यासाठी तिथे जाऊन राहिली. पण मोझांबिकचे सगळे शेजारी इंग्रजी व्यवहाराचे आणि वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यात तो त्यांच्यासोबत होता. २००९ मध्ये आलेल्या रवांडावर आधी जर्मनांची, मग बेल्जियनांची सत्ता होती. २०२२ मध्ये गॅबाँ आणि टोगो हे फ्रेंच भाषक देश आले.

त्यांना इथे काय मिळतं? हे कळायला छोट्या देशांच्या बाजूने पाहावं लागतं. सदस्यांपैकी ३३ देश ‘लहान राज्यं’ गणली जातात. तुवालूची लोकसंख्या साधारण अकरा हजार. आपल्याकडे एवढी माणसं एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावात असतात. असा देश जिनिव्हात जागा भाड्याने घेऊन जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींवर लक्ष कसं ठेवणार? राष्ट्रकुलाने न्यूयॉर्क आणि जिनिव्हात लहान देशांसाठी सामायिक कार्यालयं ठेवली आहेत. सागरी हद्द आखायला, खनिज तेलाचे करार तपासायला, कायद्याचे मसुदे लिहायला तज्ज्ञ दिले जातात. परकीय कर्जाचा हिशेब ठेवणारं सचिवालयाचं सॉफ्टवेअर अनेक देश वापरतात. भारताच्या अर्थ मंत्रालयानेही वापरलं आहे. हे काम बातम्यांत येत नाही, पण हवामानबदलामुळे ज्यांची बेटं पाण्याखाली जायची भीती आहे त्यांना भारत आणि कॅनडाच्या पंतप्रधानांसमोर बसून बोलायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

१९८३ मध्ये ही परिषद दिल्लीत झाली. अध्यक्ष इंदिरा गांधी होत्या. मधले दोन दिवस सगळे नेते गोव्याला, आग्वादला आले. सहायकांचा ताफा बाजूला ठेवून नेत्यांनी मोकळेपणी बोलावं, ही या परिषदांची जुनी रीत. तिथून आंतरराष्ट्रीय सुरक्षेबद्दलचा ‘गोवा जाहीरनामा’ निघाला. बावीस वर्षांपूर्वी ज्या गोव्यावरून ब्रिटनने भारताविरुद्ध मत दिलं होतं, त्याच गोव्यात थॅचर पाहुण्या होत्या.

सामान्य माणसाचा संबंध येतो तो मुख्यतः तीन ठिकाणी. एक, शिष्यवृत्ती: १९५९ पासून चालू असलेल्या योजनेतून भारतीय विद्यार्थी दरवर्षी ब्रिटनला शिकायला जातात. दुसरं, मतदान, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. पुण्याहून लेस्टरला नोकरीसाठी गेलेल्या मुलीने ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं नसलं तरी मतदार यादीत नाव घालावं. तो तिचा हक्क आहे. उलट दिशेने भारत असा हक्क कुणाला देत नाही. तिसरं, खेळ. १९३० मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला ‘ब्रिटिश साम्राज्य स्पर्धा’ म्हणून सुरू झालेल्या या स्पर्धा आता राष्ट्रकुल स्पर्धा आहेत. २००८ ची युवा स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला भारताचं पहिलं पदक सांगलीच्या संकेत सरगरने वजन उचलून मिळवलं, आणि बीडच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूच्या अवघे ०.०५ सेकंद मागे राहून रौप्य आणलं.

खडकीची युद्ध दफनभूमी पाहिलेल्यांना ‘कॉमनवेल्थ’ हा शब्द तिथल्या फलकावर भेटला असेल. ती सांभाळणारा आयोग १९१७ चा, सचिवालयाहून कितीतरी जुना आणि स्वतंत्र आहे. भारतासह सहा देश त्याचा खर्च उचलतात. नाव तेवढं सारखं.

सध्या या संघटनेपुढे सर्वात कठीण विषय आहे तो गुलामगिरीच्या भरपाईचा. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून माणसं जनावरांसारखी आणून विकली गेली, त्याचा हिशेब ब्रिटनने द्यावा, ही मागणी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सामोआत आपियाला परिषद झाली तेव्हा ब्रिटनला हा विषय पटलावर नको होता. तरीही संयुक्त निवेदनात त्याची नोंद झाली आणि पुढे बोलणी व्हावीत असं लिहिलं गेलं. पुढची परिषद कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा आणि बार्बुडामध्ये ठरली आहे. ज्या बेटावर उसाच्या मळ्यांत ती माणसं राबली, तिथेच यजमान म्हणून त्यांचे वंशज या वेळी अध्यक्षस्थानी असतील.